परवाना-उत्पादन (रणगाडे) : भारतातील वाटचाल आणि गोव्याचा संबंध

परवाना-उत्पादन : दुसऱ्या देशाने आखलेले शस्त्र किंवा यंत्र, मूळ मालकाला मोबदला देऊन आणि त्याच्या अटी मान्य करून, आपल्या कारखान्यात तयार करण्याची पद्धत. मुख्य रणगाड्याच्या बाबतीत ही पद्धत सर्वांत खर्चिक आणि सर्वांत गुंतागुंतीची ठरते, कारण रणगाड्यात तोफ, चिलखत, इंजिन, पट्टे आणि नेमबाजीची यंत्रणा अशी पाच वेगवेगळ्या उद्योगांची कामे एकत्र येतात. करारात सहसा टप्पे असतात. आधी काही रणगाडे पूर्ण तयार स्थितीत येतात, मग सुट्या भागांचे संच येतात आणि इथे फक्त जुळणी होते. पुढे एकेक भाग देशात घडवला जातो आणि शेवटी कच्च्या मालापासून सारे इथेच होते, निदान कागदावर तरी. घेणाऱ्या देशाला तो रणगाडा तिसऱ्याला विकायचा असल्यास बहुधा मूळ मालकाची परवानगी लागते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या वेळी भारतीय चिलखती दलाकडे स्वदेशात घडवलेला एकही रणगाडा नव्हता. ब्रिटिश सेंच्युरियन, अमेरिकी शर्मन आणि स्टुअर्ट, फ्रेंच एएमएक्स-१३ असा सगळा बाहेरून आलेला संच होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी भारताचा करार झाला आणि मद्रासजवळ आवडी येथे अवजड वाहन कारखाना उभारण्याचे ठरले. या करारातून आलेला रणगाडा म्हणजे विजयंता.

विजयंता हा व्हिकर्सने निर्यातीसाठी स्वतःच्या हिशेबाने आखलेला रणगाडा होता. ब्रिटिश सैन्याने तो वापरलाच नाही. वजन सुमारे ३९ टन, तोफ १०५ मिमीची एल-७, इंजिन लेलँड एल-६०, गिअर आणि सुकाणूची व्यवस्था ब्रिटिशांच्याच चीफ्टन रणगाड्याकडून घेतलेली. चिलखत मुद्दाम पातळ ठेवले होते, जाड भागातही ते ८० मिमीच्या आसपासच होते. किंमत आणि वजन आटोक्यात ठेवायचे, चांगली तोफ द्यायची आणि संरक्षणाच्या बाबतीत थोडे नमते घ्यायचे, असा हा सौदा होता. नमुना १९६३ मध्ये तयार झाला. सुरुवातीचे रणगाडे इंग्लंडमध्येच बनले आणि १९६५ पासून आवडीतून विजयंता बाहेर पडू लागला. १९७१ च्या युद्धात तो लढला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उत्पादन चालले आणि एकूण संख्या दोन हजारांवर गेली.

आवडीला विजयंतामुळे रणगाडा घडवण्याची सवय लागली, हे त्याचे खरे देणे. चिलखती पोलादाचे वेल्डिंग, बुरुज (तोफ धरणारा वरचा फिरता भाग) बसवणे, तोफेची नळी कातणे ही कामे करणारे कारागीर इथे तयार झाले. पुढे याच रणगाड्याचा सांगाडा लांबवून त्यावर रशियन १३० मिमी तोफ बसवण्यात आली आणि ‘कॅटापल्ट’ ही स्वतःच्या पट्ट्यांवर फिरणारी तोफ तयार झाली. परवान्याने मिळालेल्या वस्तूत असा हात घालता येणे हीच शिकल्याची खूण मानावी लागेल. परंतु एल-६० हे इंजिन ब्रिटिशांनाही त्यांच्या चीफ्टन रणगाड्यात छळत होते, आणि परवान्याबरोबर गुणदोष दोन्ही येतात याचा धडा भारताने इथेच घेतला.

नंतरची निवड सोव्हिएत टी-७२ ची झाली. सुमारे ४१ टन वजन, १२५ मिमीची गुळगुळीत नळीची तोफ, गोळा आपोआप भरणारी यंत्रणा आणि त्यामुळे चारऐवजी तीनच माणसांचा चमू. आवडीत त्याचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि त्याला ‘अजेय’ हे नाव मिळाले. आजही संख्येने भारतीय चिलखती दलाचा कणा हाच आहे. त्याचे ७८० अश्वशक्तीचे इंजिन आवडीच्याच इंजिन कारखान्यात बनत असे, तरी काही भाग बाहेरून येत राहिले. हे इंजिन पूर्णपणे देशी झाल्याची घोषणा व्हायला २०१८ साल उजाडले. म्हणजे रणगाडा देशात बनू लागल्यापासून जवळजवळ तीन दशके. मार्च २०२५ मध्ये याच टी-७२ साठी १,००० अश्वशक्तीची इंजिने घेण्याचा २४.८ कोटी डॉलरचा करार पुन्हा रशियाशीच झाला, तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या कलमासह.

रशियाच्या टी-९० अर्थात ‘भीष्म’ याची कथा जास्त बोलकी आहे. फेब्रुवारी २००१ च्या करारात ३१० रणगाडे होते. त्यांपैकी १२४ तयार स्थितीत आले आणि १८६ ची जुळणी आवडीत झाली. पुढे १,००० रणगाडे परवान्याने बनवण्याचे ठरले आणि त्यांतला पहिला ऑगस्ट २००९ मध्ये कारखान्याबाहेर आला. मधली वर्षे कागदपत्रांत गेली. तोफेच्या नळीचे धातुशास्त्र आणि बुरुजाच्या चिलखताची रचना या दोन गोष्टींचा तपशील देताना रशियाने हात आखडता घेतला, त्यामुळे दोन्ही ठिकाणी देशी पर्याय शोधावे लागले. परवान्याच्या व्यवहारात नेहमी असेच घडते. बोल्टापासून बिजागरीपर्यंत सगळ्याची चित्रे मिळतात, आणि ज्यासाठी शत्रू हेरगिरी करील ते मात्र शेवटपर्यंत मिळत नाही. देणाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर यात वावगे काही नाही.

अन्य देशांचे अनुभव असेच संमिश्र. स्वित्झर्लंडने ३८० जर्मन लेपर्ड-२ रणगाडे घेतले, त्यांतले ३५ जर्मनीतून आले आणि उरलेले देशातच बनले. इजिप्त १९९० च्या दशकापासून अमेरिकी एम१ए१ ची जुळणी करतो. युगोस्लाव्हियाने टी-७२ घेऊन त्यात स्वतःची नेमबाजीची यंत्रणा बसवली, त्याचा एम-८४ केला आणि कुवेतला विकलाही. परवान्याचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

गोव्यात रणगाड्यांचा कारखाना नाही. तरीही या विषयाच्या धोरणाचा एक महत्त्वाचा धागा इथून जातो. मार्च २०१६ मध्ये संरक्षण सामग्रीचे ‘डेफएक्स्पो’ प्रदर्शन केपे तालुक्यात, नाकेरी-बेतूलच्या पठारावर भरले. जमिनीवरून स्थानिकांचा विरोध होता, तो तेव्हा बराच गाजला. याच प्रदर्शनात तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नवी संरक्षण खरेदी कार्यपद्धती जाहीर केली. भारतातच आखलेल्या, विकसित केलेल्या आणि बनवलेल्या सामग्रीला तिने पहिला मान दिला. परवान्यावर बनवलेली वस्तू या व्याख्येत बसत नाही, कारण तिचा आराखडा परका असतो. प्रदर्शनात देशी आराखड्याचा अर्जुन मार्क-२ रणगाडाही होता. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्रीकरांच्याच अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषदेने आणखी ४६४ टी-९० ना, सुमारे १३,४४८ कोटी रुपयांच्या खर्चासह, मंजुरी दिली. याला विसंगती म्हणता येईल. पण ज्याचा कारखाना, सुटे भाग आणि प्रशिक्षित चमू आधीच तयार आहेत तो रणगाडा सोडून देणे कोणत्याही मंत्र्याला सोपे नसते. एकदा घेतलेला परवाना पुढच्या खरेद्याही ठरवून टाकतो, तो असा.

गोव्याचा स्वतःचा अनुभव मात्र पाण्यावरचा आहे. वास्कोतील गोवा शिपयार्ड १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झाले आणि मुक्तीनंतर ते माझगाव डॉककडे चालवायला गेले. सोव्हिएत आराखड्याच्या वीर वर्गातील काही क्षेपणास्त्र नौका या गोदीत बांधल्या गेल्या. जानेवारी २०१९ मध्ये रशियन आराखड्याच्या दोन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) बांधण्याचा करार झाला. ‘त्रिपुट’ २३ जुलै २०२४ रोजी पाण्यात उतरली, ‘तवस्या’ २२ मार्च २०२५ रोजी. लांबी १२४.८ मीटर, वजन सुमारे ३,६०० टन. फ्रिगेट बांधण्याची या शिपयार्डाची ही पहिलीच वेळ. याच मालिकेतल्या ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ रशियात बनून आल्या. आवडीत इंजिनाने जसे परक्यावर विसंबायला लावले तसे इथे टर्बाइनने. आराखडा रशियाचा, पण गॅस टर्बाइन युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्ट कंपनीचे, आणि २०१४ नंतर या दोन देशांतला व्यवहार थांबलेला. शेवटी टर्बाइन भारतालाच मिळवावे लागले.

वास्कोतलाच आणखी एक व्यवहार मात्र कागदावरच राहिला. पाण्यातील सुरुंग शोधून ते निकामी करणाऱ्या १२ नौका दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीच्या आराखड्याने बांधण्याचा सुमारे ३२,००० कोटी रुपयांचा बेत होता आणि शिपयार्डाने त्यासाठी सुविधा उभारायलाही घेतल्या होत्या. किंमत आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या अटींवर बोलणी फिसकटली आणि २०१८ मध्ये प्रस्ताव रद्द झाला. नौदलाची या प्रकारची शेवटची जुनी नौका, ‘कोझिकोड’, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिची जागा घेणारी एकही नौका ताफ्यात नव्हती.