त्रिनिदाद कोणते: क्यूबातले गाव की वेस्ट इंडीजचे बेट?

मराठी वाचकाला त्रिनिदाद हे नाव बहुधा क्रिकेटमधून ठाऊक असते. १९७१ मध्ये ज्या पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर सुनील गावसकरांनी कसोटी पदार्पण केले आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले, ते शहर व्हेनेझुएलालगतच्या त्रिनिदाद बेटावर आहे. दगडी गल्ल्या आणि रंगीत घरांची छायाचित्रे पाहून ज्या त्रिनिदादला जावेसे वाटते, ते मात्र क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळचे लहान शहर असून दोहोंच्या मध्ये अख्खा कॅरिबियन समुद्र पसरलेला आहे. दोन्ही नावे ख्रिस्ती धर्मातील पवित्र त्रैक्यावरून पडली: बेटाचे कोलंबसाने १४९८ मध्ये ठेवले आणि गावाचे क्यूबा जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदार दिएगो वेलास्केसने १५१४ च्या सुमारास.

क्यूबातले त्रिनिदाद साखरेवर श्रीमंत झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा धंदा बसला, व्यापार जवळच्या सिएन्फ्युएगोस बंदराकडे वळला आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही. त्यामुळेच ते टिकले, असे मला वाटते. प्लाझा मायोर या मुख्य चौकाभोवती आजही नळीच्या कौलांची घरे दिसतात, खिडक्या जवळजवळ जमिनीपासून छतापर्यंत उंच आणि त्यांच्या जाळ्या रस्त्यावर पुढे आलेल्या. गोट्यांनी फरसबंद केलेल्या गल्ल्या मधोमध खोलगट आहेत, म्हणजे पावसाचे पाणी भिंतींना न लागता मधूनच वाहून जाते. मुक्कामासाठी रहिवाशांच्या घरातली खोली घ्यावी. तिथे अशा घराला 'कासा पार्तिक्युलर' म्हणतात.

१९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत गावाबरोबर शेजारचे साखर कारखान्यांचे खोरेही आले. ते पाहिल्याशिवाय परतू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तेथील मानाका इझ्नागाचा सात मजली मनोरा उसात राबणाऱ्या गुलामांवर नजर ठेवण्यासाठी वापरला जाई आणि त्याच्या घंटेवर त्यांचा दिवस चाले. चौकातल्या वाड्यांचा पैसा कुठून आला, हे त्या मनोऱ्यापाशी उभे राहिल्यावर समजते.

बेटाची वाट निराळी झाली. १७९७ मध्ये ते ब्रिटिशांनी घेतले, म्हणून तिथे इंग्रजी चालते आणि क्यूबात स्पॅनिश. क्यूबातली गुलामगिरी १८८६ पर्यंत रेंगाळली. ब्रिटिश वसाहतींत ती १८३० च्या दशकातच संपली आणि उसाला मजूर हवे म्हणून १८४५ पासून 'फातेल रझाक' व इतर जहाजांतून भारतीय गिरमिटिये आणले गेले. त्यांच्या आगमनाचा ३० मे हा दिवस तिथे सार्वजनिक सुटीचा असतो. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या क्वीन्स पार्क सवाना मैदानाच्या कडेला विसाव्या शतकाच्या आरंभीचे सात भव्य वाडे आहेत, परंतु संपूर्ण गावच जुन्या रूपात पाहायचे असेल तर हे बेट त्यासाठी नाही.

तिकीट काढताना विमानतळ पिआर्को दिसला तर ते बेटाचे आहे. गावाला जाण्यासाठी साधारणपणे हवानाला उतरून पुढे रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते.