टाकोत्सुबो: धसक्याने हृदय कमजोर पडणं

टाकोत्सुबो म्हणजे मोठा मानसिक किंवा शारीरिक धक्का बसल्यावर हृदयाचा स्नायू एकदम पण तात्पुरता कमजोर पडणं. इंग्रजीत याला ब्रोकन हार्ट सिंड्रोमही म्हणतात. आपल्याकडे घरातलं माणूस गेल्यावर "तिने धसकाच घेतला", "हाय खाल्ली" असं म्हणतात, तर तो धसका कधीकधी खरोखर इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, स्क्रीनवर दिसतो, म्हणून कुणी असं काही सांगत असेल तर "मनाला लावून घेतेस" म्हणून उडवून लावू नये.

नाव जपानी आहे. टाको म्हणजे ऑक्टोपस, त्सुबो म्हणजे मडकं. ऑक्टोपस पकडायला समुद्रात सोडतात ते मडकं, गळा अरुंद आणि पोट गोल. या आजारात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक ढिलं पडून फुगतं आणि वरचा भाग मात्र जोरात आवळत राहतो, त्यामुळे ठोका पडताना तो कप्पा अगदी त्या मडक्यासारखा दिसतो. हिरोशिमाचे डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे नाव दिलं.

लक्षणं सगळी हार्ट अटॅकचीच. छातीत दुखतं, दम लागतो, ईसीजी बदललेला, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढलेलं. मग ॲंजिओग्राफी करतात आणि या सगळ्याला कारण ठरेल असं ब्लॉकेज बहुतेकदा सापडतच नाही. पण हे ॲंजिओग्राफीनंतर कळतं, घरी बसून नाही, त्यामुळे "टेन्शनने झालं असेल, पड जरा" म्हणत वेळ घालवणं फार धोक्याचं.

नेमकं कारण पूर्ण उलगडलेलं नाही, पण धक्क्याच्या वेळी शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा जो लोंढा येतो तो स्नायूला सोसत नाही असं मानतात. २००४ मध्ये जपानमधल्या निगाता भागात भूकंप झाला तेव्हा तिथे असे पेशंट एकदम वाढले होते. मृत्यू, भांडण, भीती हे तर आहेच, शिवाय ऑपरेशन, दम्याचा जोराचा अटॅक, स्ट्रोक यानेही होतं, क्वचित खूप आनंदानेही, आणि काहींच्या बाबतीत तर काहीच कारण सापडत नाही. दहातले साधारण नऊ पेशंट बायका असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. पुरुषांत कमी, पण झालं तर जास्त करून शारीरिक कारणाने.

यावर खास असं औषध नाही. पेशंटला ॲडमिट करून मॉनिटरवर ठेवतात, हृदयावरचा ताण कमी करणारी औषधं देतात. तात्पुरता आजार म्हणजे साधा आजार नव्हे हं, पहिल्या काही दिवसांत बीपी कोसळणं, ठोके बिघडणं, फुगलेल्या टोकात रक्ताची गुठळी होणं हे सगळं होऊ शकतं आणि काही पेशंट दगावतातही. जे यातून निघतात त्यांचं हृदय बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पुन्हा इको काढला की तेच टोक नीट आवळताना दिसतं. थोड्या जणांना पुढे कधीतरी परत होतं, कधीकधी वेगळ्याच कारणाने.