माग्डेबुर्गचा वकील

शाळेच्या विज्ञानात एक चित्र हमखास भेटायचे. धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटलेले आणि दोन्ही बाजूंनी घोडे जिवाच्या आकांताने ओढताहेत. घोडे लक्षात राहतात, ते जुंपणारा माणूस राहत नाही. ओटो फॉन गेरिके हा पेशाने शास्त्रज्ञ नव्हताच. जर्मनीतल्या एल्ब नदीकाठच्या माग्डेबुर्ग शहराचा तो नगराध्यक्ष आणि वकील. वकील म्हणजे पेशवाईतल्या अर्थाने, दरबारोदरबारी आपली बाजू मांडत फिरणारा.

बाजू मांडायला कारणही तसेच होते. 1631 च्या मे महिन्यात, युरोपातल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट झगड्यातून पेटलेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धात’, पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाच्या बाजूच्या फौजांनी माग्डेबुर्ग लुटून जाळले. वीसेक हजार माणसे मेली. गेरिके तेव्हा 28 वर्षांचा, हॉलंडातल्या लायडनला गणित आणि तटबंदीचे शास्त्र शिकून आलेला. तो कैदेत पडला, खंडणी भरून सुटला, काही काळ स्वीडिश सैन्यात अभियंता होता आणि मग परतून शहर उभारायला लागला. 1646 मध्ये तो नगराध्यक्ष झाला. शहराने थेट सम्राटालाच मानावे, मधल्या कुणा राजाला नाही, यासाठी त्याच्या वाऱ्या चालू होत्या.

फावल्या वेळात त्याला एक प्रश्न छळत होता. निसर्गाला पोकळी, म्हणजे हवाही नसलेली रिकामी जागा, खपत नाही, असे ॲरिस्टॉटलपासूनचे पंडित सांगत आले होते. वाद घालत बसण्यापेक्षा करून पाहू, म्हणून त्याने बिअरचे पिंप पाण्याने भरले आणि आग विझवायच्या पिचकारीसारख्या पंपाने पाणी उपसायला लावले. लाकडातून हवा आवाज करत आत शिरली. पिंप दुसऱ्या पिंपात ठेवून पाहिले, तेही फसले. मग तांब्याचा गोळा घेतला. त्यातली हवा उपसता उपसता मोठा आवाज झाला आणि गोळ्याचा फडक्यासारखा चोळामोळा झाला! गोळा नीट गोल नव्हता. आकार गोल असेल तर बाहेरच्या हवेचा दाब सगळीकडून सारखा पेलला जातो. कुठे चपटेपणा असेल तर तिथेच गोळा दबतो. पुढचा गोळा काटेकोर गोल केला आणि तो टिकला.

1654 मध्ये रेगेन्सबुर्ग शहरात भरलेल्या साम्राज्याच्या राजसभेत गेला असता त्याने सम्राट तिसऱ्या फर्डिनांडला हे प्रयोग दाखवले. घोडे तिथेच जुंपले होते असे पुष्कळदा छापले जाते, पण अर्धगोलांचा प्रयोग 1657 चा, माग्डेबुर्गमधला. सुमारे 51 सेंटीमीटर व्यासाचे ते अर्धगोल एकमेकांना जोडून आतली हवा पूर्ण उपसली, तर ते वेगळे करायला साधारण दोन टन वजनाइतका जोर लागतो. हवेचे ओझे एवढे! आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा घोड्यांची गरजच नव्हती. एक बाजू भक्कम झाडाला बांधून दुसरीकडे आठ घोडे लावले असते, तरी गोळ्यावर ताण तेवढाच आला असता. झाडानेही तितक्याच जोराने उलट ओढले असते. पण झाड बघायला गर्दी कोण करणार? दरबार पाहिलेल्या माणसाला हे कळत असणार.

या पंपाची माहिती छापील पुस्तकातून इंग्लंडला पोहोचली आणि रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने आपला मदतनीस रॉबर्ट हूकच्या मदतीने आपला पंप केला. पोकळीची गोष्ट अशी जिंकली. शहराची मात्र हरली. 1666 मध्ये माग्डेबुर्गला ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याची सत्ता मान्य करून त्यांची शिबंदी आत घ्यावी लागली. त्याच वर्षी सम्राट लिओपोल्डने गेरिकेला सरदारकी दिली. आडनावाआधी ‘फॉन’ लागले आणि आडनावात एक ‘यू’ शिरला, फ्रेंच बोलणाऱ्यांनी ‘झेरिके’ म्हणू नये म्हणून. त्या ‘यू’मुळे आता आपल्याकडे त्याला ‘ग्वेरिके’ म्हणतात.