शून्याची खोली: ताऱ्याचा प्रकाश विझवणाऱ्या चिपमागचा इतिहास

दोन आरशांनी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करायचा, एका वाटेत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पाडायचा आणि दोन्ही शलाका एकत्र आणायच्या. तारा विझतो; या विझण्यालाच ‘शून्य’ म्हणतात. किंचित बाजूला असलेल्या ग्रहाचा प्रकाश मात्र वेगळ्या अंतराने येतो, म्हणून तो उरतो. १९७८ मध्ये एका रेडिओ खगोलशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, तेव्हा सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एकही ग्रह सापडलेला नव्हता. उपकरण अवकाशात फिरत राहील आणि अवरक्त प्रकाशात पाहील, असे त्याने सुचवले होते. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे हजार कोटी पट तेजस्वी असतो. अवरक्तात, दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास, हाच फरक एक कोटी पटीपर्यंत उतरतो.

प्रत्यक्ष आकाशात हे जमायला वीस वर्षे गेली. १९९८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका बहुआरसा दुर्बिणीने मृगातल्या काक्षी या तांबूस ताऱ्याचा प्रकाश दाबून त्याच्याभोवतीची धूळ दाखवली. त्याच काळात युरोपात ‘डार्विन’ ही अवकाश मोहीम आणि अमेरिकेत त्याच धर्तीची दुसरी मोहीम कागदावर आकार घेत होती. २००७ पर्यंत दोन्ही बाजूला पडल्या. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मध्य-अवरक्ताच्या रुंद पट्ट्यात ताऱ्यासारखा प्रकाश लाखात एका भागापर्यंत खाली आणता आला, तो त्यानंतर. क्रम उलटा झाला असता, तर निर्णयही वेगळा झाला असता असे मला वाटते.

या क्षेत्रातल्या बातम्या वाचताना सर्वाधिक घोळ होतो तो ‘शून्याची खोली’ या शब्दाशी. विझवल्यानंतर उरलेला प्रकाश भागिले पूर्ण प्रकाश, एवढीच त्याची व्याख्या. पण एकाच नावाखाली तीन निरनिराळे आकडे फिरतात. पहिला, प्रयोगशाळेत एकाच रंगाच्या लेसरवर मिळालेला. तो नेहमीच देखणा दिसतो, कारण अर्ध्या तरंगलांबीचा फरक एका रंगासाठी अचूक साधणे सोपे असते. दुसरा, खऱ्या ताऱ्यावर क्षणोक्षणी मिळणारा. हवेच्या थरथरीमुळे तो सतत वरखाली होतो आणि बराच उथळ असतो. तिसरा आकडा खोलीचा नसून ती किती अचूक मोजली याचा असतो. हजारो क्षणांच्या चढउतारांचे वितरण पाहून, हवेचा वाटा वेगळा काढून, ताऱ्याची स्वतःची खोली काढायची, ही सांख्यिकीय पद्धत २०११च्या सुमारास पालोमार वेधशाळेतल्या फायबरवर चालणाऱ्या उपकरणाने रुजवली. तिथून ‘दहा हजारात एक’ म्हणजे तारा तितका विझला असा अर्थ घेतला जाऊ लागला. तो चुकीचा आहे.

शिवाय उपकरण निर्दोष असले तरी शून्य पूर्ण होत नाही. तारा बिंदू नाही, तबकडी आहे. तिच्या कडांचा प्रकाश गळतो. आरसे जितके दूर, तितकी ही गळती अधिक, आणि ताऱ्याजवळचा ग्रह वेगळा दिसायला आरसे दूरच हवेत. मात्र हीच गळती मोजली की ताऱ्याचा व्यास मिळतो.

हवाईतल्या ८.२ मीटरच्या सुबारू दुर्बिणीवरच्या ‘ग्लिंट’ या उपकरणाने नेमके तेच केले. दुर्बिणीच्या आरशाचे तुकडे कल्पून प्रत्येकाचा प्रकाश काचेच्या चिपमधल्या तरंगमार्गात सोडला जातो. हे मार्ग अतिलघु लेसर स्पंदांनी काचेच्या आतच कोरलेले असतात. मार्ग इतका अरुंद की हवेमुळे प्रकाशलहरीत पडलेल्या सुरकुत्या आत शिरतच नाहीत. त्यांचा परिणाम फक्त तेजाच्या कमीजास्तपणात उरतो. आरशांनी भरलेल्या टेबलाचे काम बोटभर काचेत होते. २०२० मध्ये या गटाने आकाशातली मोजणी प्रसिद्ध केली: खोलीच्या मोजणीतली अचूकता सुमारे दहा हजारात एक, आणि तिच्यातून ताऱ्यांचे व्यास. तोपर्यंत ग्रह दिसलेला नव्हता, आणि तसा दावाही नव्हता. पुढच्याच वर्षी चार तुकडे, सहा जोड्या आणि रंगांची विभागणी असलेली आवृत्ती आली. तीन मार्ग सममितीने जवळ आणणारा जोड वापरला तर एकाच वेळी अनेक रंग विझवता येतात. मला तरी या सगळ्यातले सर्वात मोलाचे पाऊल हेच वाटते.

अडचण काचेची आहे. ग्लिंट दीड मायक्रॉनच्या आसपास चालते. साधी सिलिका काच तीन मायक्रॉनच्या पुढे अपारदर्शक होत जाते, आणि पृथ्वीसारखा ग्रह शोधायचा तर दहा मायक्रॉनकडे जायला हवे. म्हणून चिलीतल्या पारानाल वेधशाळेसाठी तयार होणाऱ्या उपकरणाची चिप गंधकयुक्त काचेची आहे. ती साडेतीन ते चार मायक्रॉनमध्ये काम करेल.