आयर्लंडची घटना, चर्च आणि मतपेटी

25 मे 2018 रोजी आयर्लंडमध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर सार्वमत झालं. 66.4 टक्के मतदारांनी घटनेतली गर्भपातबंदी काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आई आयरिश. गर्भपात हा गुन्हा तिथे ब्रिटिशांनी केलेल्या 1861 च्या कायद्यापासूनच होता. पण बंदीचं कलम घटनेत शिरलं ते स्वतंत्र आयर्लंडमध्ये, 1983 साली, आणि तेही सार्वमतानेच. तेव्हा बाजूने मतं पडली होती 66.9 टक्के. म्हणजे पस्तीस वर्षांत जवळपास तेवढ्याच मताधिक्याने लोकांनी आपलाच निर्णय फिरवला. चर्चची सत्ता वरून लादलेली होती आणि लोकांनी ती झुगारली, अशी सरळसोट गोष्ट इथे लागू पडत नाही. ही सत्ता लोकांनीच दिली होती. का दिली, हे समजून घ्यायचं तर मागे जावं लागतं.

इंग्रजी अमलाखाली आयर्लंडचं अधिकृत चर्च प्रॉटेस्टंट होतं, प्रजा मात्र बहुतांश कॅथलिक. कॅथलिकांना 1829 पर्यंत संसदेत बसता येत नव्हतं. आपलं नसलेलं चर्च पोसण्यासाठी शेतकऱ्याला उत्पन्नाचा हिस्सा द्यावा लागे. हे अधिकृतपण 1871 मध्ये संपलं, तोवर कॅथलिक असणं आणि आयरिश असणं लोकांच्या मनात एकच झालं होतं. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पडली, लाखो लोक मेले, लाखो परागंदा झाले. त्यानंतर उभा राहिलेला समाज अधिकच भाविक, अधिकच शिस्तीचा होता. 1922 मध्ये नवं राज्य आलं तेव्हा त्याच्या तिजोरीत फारसं काही नव्हतं. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम धर्मगुरू आणि धर्मभगिनी आधीपासून चालवत होत्याच. सरकारने ते तसंच चालू दिलं. माझ्या मते चर्चचं खरं बळ घटनेच्या कलमापेक्षा या व्यवस्थेत होतं.

1937 ची घटना तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने झाली. तिची सुरुवातच पवित्र त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने होते. कलम 44 मध्ये कॅथलिक चर्चला बहुसंख्यांच्या श्रद्धेचा रक्षक म्हणून ‘विशेष स्थान’ दिलं गेलं. त्याच कलमात प्रॉटेस्टंट पंथांची आणि ज्यूंचीही नावानिशी नोंद होती. युरोपात ज्यूंवर काय वेळ आली होती ते पाहता ही गोष्ट लहान नाही. चर्चला राज्यधर्माचा दर्जा मात्र मिळाला नाही. पण घटस्फोटाला घटनेनेच बंदी घातली, आणि संततिनियमनाच्या साधनांची विक्री व आयात 1935 च्या कायद्याने आधीच बंद झाली होती.

ही व्यवस्था व्यवहारात कशी चालायची ते 1951 मध्ये दिसलं. आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी गरोदर माता आणि सोळा वर्षांपर्यंतची मुलं यांना मोफत वैद्यकीय सेवा देणारी योजना आणली होती. ब्राउन यांच्या स्वतःच्या घरात क्षयाने बळी घेतले होते आणि त्या आजाराविरुद्ध त्यांनी मोठं काम उभं केलं होतं. डॉक्टरांच्या संघटनेला योजनेमुळे खासगी उत्पन्न बुडेल अशी धास्ती होती. बिशपांचा आक्षेप वेगळा: मुलांच्या आरोग्याची जबाबदारी कुटुंबाची, आणि सरकारी डॉक्टर बायकांना संततिनियमनाचे सल्ले देऊ लागले तर काय? डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी विरोध कळवला आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांकडे सोपवला. बिशपांची पत्रं लोकांनी पहिल्यांदाच छापील स्वरूपात वाचली. इतक्या मुलांच्या हिताची योजना अशी मोडीत निघावी, हे आजही वाचताना चीड आणतं.

‘विशेष स्थान’ देणारे शब्द 1972 च्या सार्वमताने गेले, तेही चर्चने फारशी खळखळ न करता. आदल्या वर्षी, मे 1971 मध्ये, स्त्रीमुक्ती चळवळीतल्या काही जणी डब्लिनहून रेल्वेने बेलफास्टला गेल्या. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या ताब्यात, तिथे संततिनियमनाची साधनं दुकानात मिळायची. गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, म्हणून त्यांच्याऐवजी दाखवायला त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली. परत आल्यावर डब्लिनच्या स्थानकात कस्टमच्या लोकांसमोर ती उघडपणे नाचवली. सगळ्यांना अटक करणं अधिकाऱ्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी वाट मोकळी केली. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संततिनियमनाच्या बाबतीत विवाहित जोडप्याच्या खासगीपणाचा हक्क मान्य केला.

नेमका हाच निकाल पुढच्या वळणाला कारण ठरला. उद्या न्यायालय याच वाटेने गर्भपातालाही परवानगी देईल, अशी भीती कॅथलिक संघटनांना वाटू लागली. 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, दहा लाखांहून जास्त लोक जमले होते. त्या लाटेत 1983 ची आठवी घटनादुरुस्ती झाली आणि न जन्मलेल्या जिवाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीला आणला गेला. चर्चचं नाव घटनेतून जाऊन दशक उलटल्यावर त्याची शिकवण घटनेत आणखी पक्की झाली होती. घटस्फोटाला परवानगी देण्याचा प्रस्ताव 1986 मध्ये पडला, आणि 1995 मध्ये मंजूर झाला तो अवघ्या 9,114 मतांनी.

तोवर लोकांचा विश्वास तडकू लागला होता. ‘पतित’ ठरवलेल्या मुली-बायकांना विनामोबदला राबवणाऱ्या, धर्मभगिनींच्या मॅग्डलीन लॉन्ड्र्यांपैकी शेवटची 1996 मध्ये बंद झाली. 2009 च्या दोन चौकशी अहवालांनी धार्मिक संस्थांमधल्या मुलांवरचे अत्याचार आणि डब्लिनच्या धर्मप्रांताने ते कसे दडपले, हे नोंदवलं. ट्युअम गावातल्या, अविवाहित मातांसाठीच्या माता-बाल आश्रमात मेलेल्या 796 मुलांच्या नोंदी स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी एकेक करून जमा केल्या. देवावरची श्रद्धा सगळ्यांचीच गेली असं नाही. आपल्या लेकरांना ज्यांच्या हवाली केलं त्यांनीच घात केला, हा घाव मात्र खोल गेला.

2012 मध्ये मूळची बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार, वय 31, आपोआप गर्भपात होऊ लागल्याने गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नव्हता. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून ती नाकारली गेली. 28 ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असं आपण तिला म्हणालो होतो, हे तिथल्या एका सुईणीने चौकशीत मान्य केलं. उपचारांतल्या ढिलाईवरही अहवालांनी बोट ठेवलं. पण कायद्याच्या धाकाने डॉक्टरांचे हात कसे बांधले जातात, हे साऱ्या देशाने पाहिलं, आणि 2018 च्या प्रचारात सविताचं नाव शेवटपर्यंत होतं.

मधल्या काळात, 2015 मध्ये, समलिंगी विवाहाला 62 टक्के मतदारांनी मान्यता दिली होती. ईशनिंदेचा गुन्हा ऑक्टोबर 2018 मध्ये घटनेतून गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासमोर वराडकर म्हणाले की, धर्म आता समाजाच्या केंद्रस्थानी नसेल, पण त्याला महत्त्वाचं स्थान राहील. मला हे धोरण समंजस वाटतं, कारण 2022 च्या जनगणनेतही 69 टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं. 1961 मध्ये ते 95 टक्के होते. आज डब्लिनच्या कितीतरी चर्चमध्ये केरळच्या परिचारिकांची कुटुंबं मिस्साला येतात. मार्च 2024 मध्ये कुटुंबाची व्याख्या रुंदावण्याचा आणि घरातल्या स्त्रीविषयीचं जुनं कलम बदलण्याचा असे दोन्ही प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळले. त्यामागे मसुद्यातली संदिग्धता होती तशी सरकारवरची नाराजीही. तो चर्चचा विजय म्हणता येणार नाही.

घटनेची सुरुवात अजून त्रैक्याच्या नावानेच होते. संध्याकाळी सहाला सरकारी दूरचित्रवाणीवर प्रार्थनेची घंटा वाजते. खरा पेच शाळांचा आहे. दहापैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा आजही कॅथलिक व्यवस्थापनाखाली आहेत, पगार सरकार देतं. बाप्तिस्मा झालेल्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम देण्याची पद्धत कॅथलिक शाळांत 2018 च्या कायद्याने बंद झाली. पण सात-आठ वर्षांच्या मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये प्रथम प्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी अजूनही वर्गातच चालते आणि न मानणाऱ्या घरातलं मूल मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसतं. 2030 पर्यंत सर्वधर्मीय शाळांची संख्या 400 वर न्यायचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. त्यासाठी चर्चच्या शाळा हस्तांतरित व्हायला हव्यात, आणि तिथे गावोगावचे पालकच, मिस्साला न जाणारेसुद्धा, आपली शाळा बदलायला तयार होत नाहीत.