रग्बी लीग वर्ल्ड कप २०२६ : देशाच्या संघाला प्रवेश मिळतो कसा? पात्रता, फेऱ्या आणि खेळाडूंची कागदपत्रं

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६ मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलियात होणाऱ्या पुरुषांच्या रग्बी लीग वर्ल्ड कपमध्ये दहा संघ आहेत. त्यातल्या आठ जागा २०२२ मध्येच भरल्या होत्या. उरल्या दोन, आणि बाकीच्या सगळ्या जगाची मारामारी त्या दोन जागांसाठी.

आधी एक खुलासा. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात किंवा ऑलिंपिकमध्ये सात-सात जणांची दिसते, ती रग्बी युनियन. लीग हा वेगळा खेळ आहे : तेरा खेळाडू, चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे सहा वेळा पकडलं जाईपर्यंतची मुभा, ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की) चार गुण. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून वेगळी चूल मांडली, तेव्हापासून दोन्ही खेळांचे नियम, महासंघ आणि वर्ल्ड कप स्वतंत्र आहेत. इथे बोलतोय ते लीगबद्दल, आणि तिचा कारभार इंटरनॅशनल रग्बी लीग ही संस्था पाहते.

थेट प्रवेश कुणाला?

मागच्या वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलेल्या आठ संघांना. वेगळा अर्ज नाही, वेगळी फेरी नाही. २०२१ चा वर्ल्ड कप कोविडमुळे २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यात शेवटच्या आठांत होते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड, सामोआ, टोंगा, फिजी, पापुआ न्यू गिनी आणि लेबनॉन. हेच आठ २०१७ मध्येही शेवटच्या आठांत होते. म्हणजे एकदा आत गेलेला संघ पुढच्या वेळीही आतच.

हा नियम कुणाला फळतो आणि कुणाला नडतो, हे लेबनॉन आणि आयर्लंडकडे बघितलं की कळतं. लेबनॉनने २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला हरवून २०१७ ची जागा मिळवली. २०१७ मध्ये गट चार, पण सारखे नव्हते. दोन गटांत चार-चार संघ आणि त्यातून तीन-तीन पुढे. बाकी दोन गटांत तीन-तीन संघ आणि पुढे फक्त पहिला. लेबनॉन मोठ्या गटात होता. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून हरला, पण कॅनबेरात फ्रान्सला २९-१८ ने हरवलं आणि एवढ्या एका विजयावर उपांत्यपूर्व फेरी गाठली. सामोआने तर एकही सामना जिंकला नव्हता. स्कॉटलंडशी १४-१४ अशी बरोबरी साधून तोही पुढे गेला. छोट्या गटातल्या आयर्लंडने मात्र इटली (हा दुसऱ्या गटातला संघ) आणि वेल्स या दोघांनाही हरवलं, पापुआ न्यू गिनीकडून हरला आणि घरी परतला. तीनपैकी दोन सामने जिंकणारा बाहेर आणि एकही न जिंकणारा आत. यात अन्याय नाही असं म्हणणारा माणूस बहुधा सामोआच्या राजधानीतला, अपियाचाच असेल.

याची किंमत पुढे चार वर्षं मोजावी लागली. लेबनॉन आणि सामोआ २०२१ च्या स्पर्धेत थेट, आयर्लंड पुन्हा पात्रता फेरीत. आयर्लंडने ती फेरी पार केली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ली या गावी त्याची गाठ लेबनॉनशीच पडली. गटात न्यूझीलंड आणि जमैका होते, त्यामुळे दुसरी जागा कुणाची हे ठरवणारा सामना हाच. लेबनॉन ३२-१४ ने जिंकला. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसाठी तो गटातला एक सामना होता. कागदावर मात्र तिथेच २०२६ ची एक जागा वाटली गेली. सामोआचं म्हणाल तर, बरोबरीवर तरलेला तो संघ २०२२ ची अंतिम फेरी खेळला.

उरलेल्या दोन जागा

यासाठी जगाचे चार विभाग केले : युरोप, अमेरिका खंड, आशिया-पॅसिफिक, आणि मध्यपूर्व-आफ्रिका. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक विभागाचा एकेक संघ उरला : फ्रान्स, जमैका, कुक आयलंड्स आणि दक्षिण आफ्रिका. ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्रान्सने जमैकाला आणि कुक आयलंड्सने दक्षिण आफ्रिकेला हरवलं, आणि यादी पूर्ण झाली.

२०२१ च्या वेळी सोळा संघ होते, म्हणजे पात्रतेतून आठ जागा. तेव्हा जमैकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला अमेरिकेला १६-१० ने हरवून पहिल्यांदाच प्रवेश मिळवला. अमेरिकेला आणखी एक संधी होती, पण वर्षभराने त्याच शहरात कुक आयलंड्सने तिला ३८-१६ ने बाहेर काढलं. आता संघ दहावर आले, तसे वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, इटली, ग्रीस आणि जमैका हे २०२२ मध्ये खेळलेले सहाही देश बाहेर आहेत. मूळ बेत फ्रान्समध्ये २०२५ चा वर्ल्ड कप घ्यायचा होता. सरकारची आर्थिक हमी न मिळाल्याने मे २०२३ मध्ये फ्रान्सने यजमानपद सोडलं आणि स्पर्धा एक वर्ष पुढे, दक्षिण गोलार्धात गेली.

संघटनेची पात्रता

पात्रता फेरीत उतरतो तो देश, पण नाव जातं ते राष्ट्रीय संघटनेमार्फत. या संघटनेला आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता लागते. पायऱ्या तीन : निरीक्षक, संलग्न सदस्य, पूर्ण सदस्य. वरच्या पायरीवर जायचं तर देशात प्रत्यक्ष खेळणारे क्लब हवेत, कारभार रीतसर हवा. परदेशातली चार नामांकित मुलं गोळा करून जर्सी शिवली, एवढ्याने भागत नाही.

ग्रीसचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. तिथे या खेळाचा सरकारी अधिकार भलत्याच क्रीडा महासंघाकडे, मॉडर्न पेंटाथलॉनवाल्यांकडे गेला होता, आणि लीगच्या मूळ संघटनेचे सामने बेकायदा ठरत होते. पोलीस येऊन सामना बंद पाडतील या भीतीने मंडळी जागा गुप्त ठेवून, रात्री उशिरा खेळत. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनमध्ये सर्बियाला हरवून ग्रीसने वर्ल्ड कप गाठला. मायदेशात उघडपणे खेळायची मोकळीक त्यांना २०२२ मध्ये, स्पर्धेच्या तोंडावर मिळाली.

खेळाडूची पात्रता आणि कागदपत्रं

एखाद्या देशाकडून खेळण्याचे मार्ग तीन. एक, त्या देशात जन्म. दोन, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणाचा तरी तिथे जन्म. तीन, त्या देशात सलग साठ महिने मुख्य वास्तव्य. प्रश्न जन्म कुठे झाला आणि राहतो कुठे, हा आहे. हातातल्या पासपोर्टच्या रंगाचा नाही.

दुसऱ्या मार्गावरच छोट्या देशांचे संघ उभे आहेत. २०१७ मध्ये लेबनॉनचा कर्णधार असलेला रॉबी फराह सिडनीत जन्मलेला, लेबनीज आई-वडिलांचा मुलगा. या मार्गाने जाणाऱ्याला साखळी दाखवावी लागते : स्वतःचा जन्मदाखला, त्यावरच्या आई किंवा वडिलांचा जन्मदाखला, आणि त्यावरच्या आजी-आजोबांचा. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत तालुक्याला खेटे घातलेल्या मराठी वाचकाला ही गंमत वेगळी सांगायला नको. अडतं तेही तिथेच : आजीचं लग्नानंतर बदललेलं नाव, स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक, किंवा नोंदच न झालेला जन्म. म्हणून विवाहाचा दाखला आणि नावबदलाचा कागद सोबत असलेला बरा. सिडनीत जन्मलेल्या मुलाचे आजोबा सांगलीचे असतील, तर नियमाने त्याला ऑस्ट्रेलियाही मोकळी आणि भारतही. फक्त सांगलीचा तो दाखला हाती हवा.

वास्तव्याच्या मार्गात 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. व्हिसा, घरभाड्याचे करार, करभरणा यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत.

देश बदलता येतो का? येतो, पण मर्यादेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड हे पहिल्या श्रेणीचे देश. त्यांच्यापैकी एकाकडून खेळलेला खेळाडू खालच्या श्रेणीतल्या, ज्याच्याशी जन्माचं नातं आहे अशा देशाकडे जाऊ शकतो. पहिल्या श्रेणीतल्या एका देशाकडून दुसऱ्याकडे नाही, आणि एकाच स्पर्धेत दोन देशांकडूनही नाही. २०१७ मध्ये न्यूझीलंडचा जेसन टाउमालोलो आणि ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू फिफिटा यांनी टोंगा निवडलं. टोंगाने हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडला २८-२२ ने हरवलं आणि उपांत्य फेरीत इंग्लंडकडून जेमतेम दोन गुणांनी हार पत्करली.

महिलांच्या आणि व्हीलचेअरच्या स्पर्धा याच काळात होतात. दोन्हींत आठ-आठ संघ. महिलांमध्ये थेट प्रवेश मागच्या वेळच्या चार उपांत्य फेरीवाल्यांनाच, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड आणि पापुआ न्यू गिनी यांना. निम्म्या जागा मैदानात लढून मिळवायच्या, आणि माझ्या मते पुरुषांच्या आठ-दोन अशा वाटणीपेक्षा हे केव्हाही रास्त.