‘बोलत नाही’ आणि ‘बोलवत नाही’

वर्गात न बोलणारं मूल दिसलं की शेरा ठरलेला असतो. पहिलीत ‘लाजाळू आहे’, दुसरीत ‘घुमी आहे’, तिसरीत ‘हट्टी आहे’. प्रगतिपुस्तकांवर हे शेरे वाचून मी थकले आहे, कारण त्यातली काही मुलं यातलं काहीच नसतात. त्यांना सिलेक्टिव्ह म्यूटिझम असतो, म्हणजे ठरावीक ठिकाणी त्यांचा आवाजच फुटत नाही.

लाजाळू मूल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. आईच्या पदराआड लपतं, हजेरीला तोंडातल्या तोंडात ‘हजर’ पुटपुटतं, मग एक मैत्रीण मिळते आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याच मुलाला ‘जरा गप्प बस’ म्हणावं लागतं. तो स्वभाव आहे. त्याला वेळ दिला की पुरतं.

सिलेक्टिव्ह म्यूटिझम असलेलं मूल घरी घडाघडा बोलतं, भावंडांशी भांडतं, गाणी म्हणतं. शाळेच्या फाटकातून आत आलं की आवाज बंद. मैत्रीण मिळाली तरी बंद, वर्ष उलटलं तरी बंद. निदानासाठी हे किमान महिनाभर टिकलेलं असावं लागतं, आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण तेव्हा बरीच मुलं बुजलेली असतात. निव्वळ शाळेची भाषा येत नाही म्हणून गप्प असलेलं मूलही यात मोडत नाही. पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या लेकराला आधी त्याच्या भाषेत बोलणारं कुणीतरी हवं. प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. त्यामुळे एखाद्या शिक्षकाला वर्षानुवर्षं असं मूल भेटत नाही, आणि भेटतं तेव्हा ओळखू येत नाही.

खरा घोळ पुढे आहे. आई सांगते, ‘घरी खूप बोलते हो’, आणि आपण लगेच म्हणतो, ‘म्हणजे येतं ना बोलता? मग मुद्दाम बोलत नाही.’ घरात वाघ, बाहेर शेळी! हीच चूक डॉक्टरांनीही केली होती. १८७७ मध्ये जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी या अवस्थेला जे लॅटिन नाव दिलं, त्याचा अर्थ स्वेच्छेने बंद केलेली वाचा असा होतो. १९३४ मध्ये मोरित्झ ट्रामर यांनी ‘इलेक्टिव्ह म्यूटिझम’ म्हटलं, म्हणजे मुलाने पत्करलेलं मौन. १९९४ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीने ‘इलेक्टिव्ह’ काढून ‘सिलेक्टिव्ह’ घातलं: मौन ठरावीक ठिकाणी असतं, ते मुलाने ठरवलेलं नसतं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तर त्याची जागा चिंताविकारांत आहे. आणि आपण मराठीत लिहितो ‘निवडक मूकता’! या शब्दाची मला चीड आहे. ‘निवडक’ म्हटलं की मुलाने निवड केली असंच वाटतं.

खरं तर मराठीला कुठून शब्द आणायची गरजच नाही. तापात पडलेला माणूस ‘मी जेवत नाही’ असं म्हणत नाही, ‘जेववत नाही’ म्हणतो. ताट समोर असतं, भूकही असते, पण घास उतरत नाही. कुणाचे हाल आपल्याला ‘बघवत नाहीत’. तसंच या मुलाला बोलवत नाही. ‘बोलत नाही’ आणि ‘बोलवत नाही’ यांत एका ‘व’चा फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळं निदान त्या ‘व’मध्ये आहे. भीतीने अंग ताठ होतं, चेहरा कोरा पडतो, गळा आवळतो. तो कोरा चेहरा आपल्याला उद्धटपणाचा वाटतो.

माझ्या वर्गात दुसरीत अशी एक मुलगी होती. मीही तिला हट्टीच समजत होते. एकदा मधल्या सुट्टीला दहा-पंधरा मिनिटं असताना तिच्या पायाशी पाणी दिसलं. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलेला, नजर पाटीवर. ‘बाई, जाऊ?’ एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. कुठलं मूल हट्टापायी चाळीस जणांसमोर फ्रॉक भिजवून घेईल?

म्हणून ‘तोंडात मूग धरलेत का?’ असं विचारू नका. बोललीस तर चॉकलेट, हेही नको. बोलेपर्यंत उभं करणं तर मुळीच नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि हा छळच आहे. चुकून एक शब्द निघाला तर ‘बोलली, बोलली, टाळ्या!’ हेसुद्धा नको. चाळीस जोडी डोळे वळले की ते मूल पुन्हा आत जातं.

आधी शौचालयाला जायची खूण ठरवा, हजेरीला हात वर केला तरी चालेल असं सांगा. समोर न बसता शेजारी बसा. प्रश्नांचा मारा करण्यापेक्षा ‘हा हत्ती तू निळा रंगवलास’ असं नुसतं बोला. विचारलंच तर थोडं थांबा, उत्तर आपणच देऊन टाकू नका. पालकांना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं की त्यांना स्पष्ट सांगा; नुसतं ‘लाजाळू आहे’ म्हणून पुढचं मूल बोलावू नका.

त्या मुलीच्या आईला मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बोलावू लागले. दोघी सागरगोटे खेळायच्या, मी बाहेर ओट्यावर वह्या तपासायची. पहिले काही दिवस आतून फक्त सागरगोट्यांचा आवाज यायचा. मग कुजबुज. दर दोन-तीन दिवसांनी मी खुर्ची थोडी आत सरकवायची. खुर्ची उंबरठ्यापाशी पोचली त्या दिवशी आईच्या हातून गोटा निसटला आणि आतून स्पष्ट आवाज आला, ‘आई, तुझा डाव गेला.’

मी वहीतून मान वर केली नाही.